बाहेरून बी.ए.

रविवारी रात्री पावणेअकराची वेळ. आमच्या वाघोलीच्या घरात जेवणाच्या टेबलाशी सूनबाई मोबाईलमध्ये डोकं खुपसून बसली होती आणि मी समोर सोमवारच्या भाजीचा लसूण सोलत होते. मुलगा रात्रपाळीला, नातू झोपलेला. तिला बी.कॉम.ला प्रवेश घ्यायचा होता. ऑनलाइन, नोकरी सांभाळून. फॉर्म भरण्याचा तो शेवटचा दिवस होता, म्हणजे बाराला कारभार बंद.

"आई, ओटीपी पाथर्डीला गेला," ती म्हणाली.

मला आधी कळेचना. मग उलगडा झाला. तिचं आधार कार्ड लग्नाआधी काढलेलं, त्याला वडिलांचा मोबाईल नंबर जोडलेला. सूनबाई वाघोलीत, सहा आकडे पाथर्डीत. आणि आमचे व्याही नऊला निजतात.

दोनदा रिंग वाया गेली. तिसऱ्यांदा विहीणबाईंनी उचलला, त्यांना वाटलं कुणाला काही झालं. मग व्याही उठले, चष्मा सापडेना, मेसेज उघडेपर्यंत दहा मिनिटं उलटली आणि आकडे शिळे झाले. दुसरा ओटीपी मागवला. व्याही भराभर वाचून मोकळे झाले, सूनबाईने तीनच्या जागी नऊ टाकला. तेव्हा मात्र मला राहवलं नाही. लसणाचे हात पदराला पुसले आणि फोन घेतला. "व्याहीबुवा, एकेक आकडा सांगा. मी परत म्हणेन. बरोबर असेल तर नुसतं 'हो' म्हणा."

"सात."

"सात."

"हो."

तिसरा ओटीपी लागला. अठ्ठावीस वर्षं टेलिफोन खात्यात काढली, पैकी पहिली कितीतरी नगरच्या ट्रंक बोर्डावर. ती अशी कामी येतील असं वाटलं नव्हतं.

बाराला वीस कमी असताना स्क्रीनवर हिरवी टिकली उमटली, फी यूपीआयने गेली आणि प्रवेश झाला. सूनबाई माझ्याकडे बघत राहिली. "झालं? एवढंच?" तिला विश्वास बसेना. मला तर मुळीच बसेना, कारण माझ्या प्रवेशाला दीड महिना लागला होता.

गोष्ट १९९१ सालची. नगरला, आताच्या अहिल्यानगरला, मी टेलिफोन ऑपरेटर होते. दहावीच्या मार्कांवर नोकरी लागलेली. कानाला हेडसेट, समोर दोऱ्यांचं बोर्ड आणि हाताशी ट्रंक कॉलच्या तिकिटांचा गठ्ठा. कोण कुठून बोलतंय, कुठे हवंय, किती मिनिटं झाली, सगळं त्या चिटोऱ्यावर लिहायचं. मुंबई, दिल्ली, श्रीरामपूर, कुठेही दोरी लावली की माणूस बोलायला लागायचं. पण मला स्वतःला शिकायचं म्हणजे काय करायचं, हे विचारायला कुठली दोरी लावायची ते माहीत नव्हतं. ते कळलं पुडीच्या कागदावरून. बरोबरची एक मैत्रीण भडंग घेऊन आली होती. भडंग संपलं आणि कागदावर जाहिरात निघाली: बारावी झाली नसली तरी चालेल, वय अठरा पूर्ण हवं, पूर्वतयारीची परीक्षा द्या आणि पदवीला बसा. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ, नाशिक. विद्यापीठ दोन वर्षांचं तान्हं होतं, १९८९च्या जुलैत स्थापन झालेलं. प्रा. राम ताकवले हे पहिले कुलगुरू. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीद. मला ब्रीदापेक्षा 'बारावी नसली तरी' हेच शब्द मोठे दिसले.

घरी सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "सगळं आटपून मग काय ते कर." त्या काळात ही परवानगीच धरायची.

आता तो दीड महिना.

पहिली अडचण नावाची. शाळेच्या गुणपत्रिकेवर माझं माहेरचं नाव, 'श'ने सुरू होणारं. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहिलं गेलं, 'व'चं. आडनाव बदललं, मधलं नाव बदललं, माझं स्वतःचंही बदललं. कागदावर पाहिलं तर दहावी पास झालेली बाई वेगळी आणि नोकरी करणारी वेगळी. दोघी एकच आहेत हे सिद्ध करायला प्रतिज्ञापत्र हवं. कोर्टाच्या आवारात लिंबाखाली टायपिस्ट बसायचे. त्यातल्या एकाने कागद चढवला आणि न बघताच विचारलं, "रेशनकार्ड का?" मी म्हटलं, "शिक्षणासाठी." त्याने मान वर केली, बरोबर आणलेल्या माझ्या दोन पोरांकडे पाहिलं, आणि पैसे सांगताना दोन रुपये कमी सांगितले.

दुसरी अडचण फोटोची. चितळे रोडच्या बाजूला एका स्टुडिओत गेले. फोटोवाल्याने स्टुलावर बसवलं, हनुवटी दोन बोटांनी किंचित वर केली, दिवे लावले. बाहेर पडताना लक्षात आलं की लग्नानंतरचा माझा एकटीचा हा पहिलाच फोटो. बाकी सगळ्यांत मांडीवर कुणीतरी होतं नाहीतर शेजारी कुणीतरी उभं होतं. चार प्रती मिळाल्या. तीन फॉर्मला गेल्या, चौथी अजून माझ्या पोथीत आहे. कुंकू जरा वाकडं लागलंय.

तिसरी अडचण साक्षांकनाची. आजच्या मुलांना हा शब्दच ऐकून माहीत नसेल. झेरॉक्सवर आपणच सही करायची ही पद्धत अलीकडची. तेव्हा झेरॉक्स खरी आहे हे राजपत्रित अधिकाऱ्याने हिरव्या शाईने सांगावं लागे. म्हणजे माझी गुणपत्रिका खरी की खोटी हे माझ्याशिवाय कुणीही सांगितलं तर चालत होतं. आमचे साहेब रजेवर. दुसऱ्या एका कार्यालयात तीन खेपा घातल्या. पहिल्यांदा साहेब दौऱ्यावर, दुसऱ्यांदा मिटिंगमध्ये, तिसऱ्यांदा शिपाई म्हणाला, "ओळखीचं कुणी आहे का?" शेवटी शेजारच्या काकांनी सुचवलं, जनावरांच्या दवाखान्यात जा, तिथले डॉक्टरही राजपत्रित असतात. गेले. डॉक्टर एका जर्सी गाईला सुई टोचत होते. सुई झाली, गाय सोडली, बादलीत हात धुतले, लुंगीसारखा गुंडाळलेला टॉवेल सोडून हात पुसले आणि खिडकीच्या कट्ट्यावर कागद ठेवून पाच प्रतींवर पाच सह्या केल्या. "मूळ दाखवा" म्हणाले नाहीत. "कितवीला?" एवढंच विचारलं. माझ्या बी.ए.च्या पहिल्या कागदावर पशुवैद्यकीय दवाखान्याचा गोल शिक्का आहे. घरात हा विनोद पुढे वीस वर्षं चालला.

चौथी अडचण डिमांड ड्राफ्टची. बँकेचं नाव सांगत नाही, पण तिथल्या कारकुनाने विद्यापीठाचं नाव अर्धवट लिहिलं, फॉर्म परत आला, ड्राफ्ट रद्द करून नवा काढण्यात बारा दिवस गेले. तेवढ्यात मुदत संपली. ती पुढे वाढली म्हणून मी वाचले. माझ्याबरोबर फॉर्म घेतलेली भडंगवाली मैत्रीण मात्र तिथेच थांबली. तिच्या नवऱ्याला दुसऱ्यांदा सुट्टी काढून बँकेत जाणं जमलं नाही, आणि ड्राफ्ट काढायला बाईने स्वतः गेलं तरी चालतं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. पुढच्या वर्षी भरू म्हणाली. पुढच्या वर्षी तिला मुलगी झाली.

म्हणूनच जुन्या प्रवेशाचे गोडवे गाणाऱ्यांशी माझं पटत नाही. आमच्या वेळी खेटे घालायचो म्हणून शिक्षणाची किंमत होती, असं निवृत्त मंडळी बागेत बसून म्हणतात. त्यात बहुतेक पुरुष. खेटे घालायला त्यांना कुणाची परवानगी लागत नव्हती. खेट्यांनी किंमत वाढत नाही, माणसं गळतात. किती गळली ते कुठल्या रजिस्टरात नाही, कारण ती नोंदणीच्या आधीच गळली.

पण एक गोष्ट होती, आणि ती आज शोधूनही सापडत नाही. रविवारची संपर्कसत्रं.

एका कॉलेजात आमचं अभ्यासकेंद्र होतं. शिकवणाऱ्याला तिथे प्राध्यापक म्हणत नसत, संमंत्रक म्हणत. शब्द ऐकून पहिल्या दिवशी आम्ही घाबरलो, पूजा सांगणार की काय. पुस्तकं हातात द्यायची, ती तुम्ही घरी वाचायची, आणि अडेल ते रविवारी येऊन विचारायचं, अशी रीत. बाकांवर कोण कोण होतं! तारकपूर डेपोचा एक कंडक्टर, तो सुट्या पैशांसारखे मुद्दे मोजून बोलायचा. एक अंगणवाडी सेविका, दोन कंपाउंडर, नगरच्या आर्मर्ड कोअर केंद्रातला एक जवान, निवृत्तीला चार वर्षं राहिलेला. एक हवालदार, तो सगळ्यांत घाबरट, परीक्षेच्या दिवशी त्याचे हात थरथरायचे. सगळ्यांत वयस्कर म्हणजे एक मिलमधून सुटलेले गृहस्थ. मुंबईचा १९८२चा संप झाला, गिरणी सुटली, ते गावी परतले आणि इथे भाजीचा गाळा चालवत होते. शिकून काय करणार, विचारलं तर म्हणायचे, "काय नाही. राहिलं होतं."

त्या वर्गात कुणीच कुणाला हसत नव्हतं. दोन रविवार कुणी दिसलं नाही तर तिसऱ्या रविवारी कंडक्टर त्याच्या गावच्या गाडीच्या ड्रायव्हरकडे निरोप पाठवायचा. सेविकेच्या दुसऱ्या गर्भारपणाची वेळ आली तेव्हा तिच्या वह्या आम्ही वाटून लिहिल्या. माझ्या वाट्याला मध्ययुगीन इतिहास आला होता. रात्रपाळीत ट्रंक कॉल कमी झाले की हेडसेट एका कानावर ठेवून दुसरा कान मोकळा सोडायचा आणि तिच्यासाठी बहमनी राज्याची कारणं-परिणाम उतरवायची. बहमनी माझ्या डोक्यात त्यानेच बसली. स्वतःसाठी लिहिलेलं मी विसरले.

नोकरी करून शिकणाऱ्यांची ही जात काही आमच्यापासून सुरू झाली नाही. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ साली पुण्यात स्वतःच्या घरी शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली होती. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केलं ते सकाळच्या वर्गांचं, म्हणजे तास आटपून माणूस दहाच्या ठोक्याला कचेरीत हजर. दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली पोस्टाने शिकवायला सुरुवात केली, मुंबई विद्यापीठाने १९७१ साली. या साऱ्यांनी एकच गोष्ट ओळखली होती: कामकरी माणसाला अक्कल कमी नसते, दिवस कमी असतो. मग कुणी दिवसाची मागची बाजू वापरली, कुणी पुढची, कुणी पोस्टमनची पिशवी.

आणि तरी आमच्या पदवीला एक शब्द चिकटला तो चिकटलाच. बाहेरून. "बी.ए. आहे, पण बाहेरून." त्या 'पण'मध्ये सगळं आलं. मुलगी दाखवताना हा 'पण' दबक्या आवाजात यायचा, बढतीच्या वेळी मोठ्या आवाजात. रोज वर्गात बसणारे आतले, आम्ही उंबऱ्याबाहेरचे. वास्तविक आतल्यांपैकी कितीजण कॅन्टीनमध्ये बसत हे आम्हाला माहीत होतं. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२च्या सप्टेंबरात लेखी सांगितलं की मान्यताप्राप्त संस्थेची दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी ही नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची. मी ती बातमी कापून ठेवली. कुणाला दाखवायची ते कळलं नाही. ज्यांना दाखवायची होती ते एव्हाना निवृत्त झाले होते.

आता सूनबाईकडे येते. तिचं शिक्षण आमच्यासारखं सुरूच झालं नव्हतं असं नाही, ते अर्ध्यात तुटलं होतं. एस.वाय.बी.कॉम.ला असताना वडिलांचं आजारपण आलं, मग नोकरी, मग लग्न. ती खराडीत एका मालवाहतूक कंपनीत हिशेब बघते. तिच्या हाताखाली दोन पदवीधर मुलं आली, तिनेच त्यांना जीएसटीचं काम शिकवलं, आणि वर्षाने त्यांतला एक तिच्यावर साहेब झाला. मग तिने ठरवलं.

ठरवलं आणि पहिल्या चार दिवसांत तिला फोनांनी भंडावून सोडलं. कुठल्याशा संकेतस्थळावर तिने सहज नंबर टाकला होता. मग 'काउन्सेलर' म्हणवणारी मुलं-मुली सकाळ-संध्याकाळ. "मॅडम, आज अर्ध्या तासात फी भरली तर सूट." "मॅडम, दीड वर्षात डिग्री." एका मुलाने तर पूर्वीच्या तारखेची सोय होईल म्हणून सुचवलं. फोन मी घेतला. ऑपरेटरला ओरडता येत नाही, खात्याची शिस्त असते, पण थंड आवाजात बोलून समोरच्याला घाम फोडता येतो. तो पुन्हा आला नाही.

शेवटी तिने शांतपणे आयोगाच्या दूरशिक्षण विभागाची, म्हणजे डीईबीची, यादी काढली. कुठल्या विद्यापीठाला कुठल्या अभ्यासक्रमाची आणि कुठल्या सत्राची परवानगी आहे ते तिथे लिहिलेलं असतं. फ्रँचायझी देऊन असे अभ्यासक्रम चालवायला मनाई आहे, हेही तिथेच कळलं. अभियांत्रिकी, वैद्यकीय, नर्सिंग, कायदा असलं काही घरबसल्या ऑनलाइन करता येत नाही, हेही. मग भेटतं खरं दार. आधी डिजिलॉकर, त्यातून क्रेडिट बँकेचा बारा आकडी क्रमांक, तो टाकून आयोगाकडून डीईबी आयडी, आणि तो मिळाल्यावर विद्यापीठाचा फॉर्म. २०२४च्या सप्टेंबरपासून या आयडीशिवाय दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवीला प्रवेश नाही. आमच्या हिरव्या शाईचं काम आता हे आकडे करतात. एक बरं, त्यांना रजा नसते आणि ते ओळखीचं कुणी विचारत नाहीत.

पण नाव! तिथे मात्र मला हसू आलं. आधारवर तिचं लग्नानंतर बदललेलं सासरचं आडनाव, गुणपत्रिकेवर माहेरचं. पोर्टल म्हणालं, जुळत नाही. पस्तीस वर्षांत फॉर्मचा कागद गेला, शाई गेली, ड्राफ्ट गेला, साहेब गेला, पण बाईला अजून सांगावं लागतं की ती दोन नसून एकच आहे. मी कपाटातून माझं प्रतिज्ञापत्र काढून तिला दाखवलं. लिंबाखालच्या टायपिस्टचं ते 'मी प्रतिज्ञेवर सांगते की' वाचून ती म्हणाली, "आई, आमच्या ॲफिडेव्हिटचा मसुदाही हाच आहे. शब्दसुद्धा हेच."

फोटोही घरीच झाला. पांढरी पार्श्वभूमी हवी म्हणून मी फ्रिजपुढे चादर धरून उभी राहिले. चांगला आला. पण फाइल मोठी. पन्नास केबीच्या आत बसवायची होती. कापली, दाबली, पुन्हा चढवली. पाचव्यांदा पोर्टलने घेतला तोवर चेहरा इतका धूसर झाला होता की ती म्हणाली, "आता मी कुणीही असू शकते." पोथीत ठेवण्यासारखा तो फोटो नाही. तो कुठे आहे, हेही तिला आता सांगता येणार नाही.

तिचं दुसऱ्या वर्षापर्यंतचं शिक्षण मोजलं गेलं का? नाही. आता क्रेडिटची बँक आहे, एका ठिकाणी मिळवलेलं श्रेय जमा राहतं, सात वर्षांपर्यंत वापरता येतं. पण ती कॉलेजात होती तेव्हा त्या बँकेत खातंच नव्हतं. पहिल्यापासून सुरुवात. आज जी मुलगी अर्ध्यावर सोडेल तिची पुंजी बुडणार नाही, ही मला सगळ्या नव्या गोष्टींमधली सगळ्यांत चांगली वाटते. ओटीपीपेक्षा आणि यूपीआयपेक्षाही. आमच्या वेळी अर्धवट सोडलं की शून्य. त्या अंगणवाडी सेविकेचं शेवटचं वर्ष राहिलं ते राहिलंच, आणि ती स्वतःला आजही दहावी पास सांगते.

घाईचीही आता सोय झाली आहे. २०२५च्या नियमांनुसार, संस्थेने तशी मुभा दिली असेल तर, विद्यार्थ्याला दर सत्राला जास्त श्रेयांक घेऊन तीन वर्षांची पदवी पाच सत्रांत पुरी करता येते. पहिल्या किंवा दुसऱ्या सत्राच्या शेवटी समिती तुमची कुवत बघून ठरवते. उलट, हळू जायचं तर हळू जाण्याचीही वाट आहे. वर्तमानपत्रांनी वेगाचा मथळा केला, हळू जाण्याचा केला नाही. सूनबाईलाही आधी वेगाचंच आकर्षण होतं. मी तिला एवढंच विचारलं, "पाच सत्रं म्हणजे दर सत्राला विषय किती होतील? आणि मार्चएंडला तुझ्या हपिसात रात्रीचे किती वाजतात?" तिने बोटं मोजली आणि साधी वाट धरली. सहा महिने वाचवायला रोजची किती झोप मोडावी लागते, हा हिशेब हिशेबनीस बाईला मी शिकवायची गरज नव्हती. तिला तो फक्त कुणी विचारला नव्हता.

वेगाची हौस ती दुसरीकडे भागवते. रेकॉर्ड केलेली व्याख्यानं दीडपट वेगाने लावते. शिकवणाऱ्या बाई तापल्या कढईत फुटाणे उडावेत तशा बोलतात. मला एकही शब्द कळत नाही. तिला कळतो म्हणते. भांडी घासताना कानात, बसमध्ये कानात. तिच्या वर्गात चारशेच्या वर मुलं आहेत, म्हणजे व्हॉट्सॲपच्या गटात. त्यातल्या एकाचाही चेहरा तिने पाहिलेला नाही. "सर लिंक चालत नाही", "लास्ट डेट काय", "असाइनमेंट कुणी केली का", दिवसभर हेच. एकदा एका बाईने रात्री दीडला लिहिलं, 'मला जमत नाहीये, सोडते.' खाली कुणीतरी अंगठा दाखवला. सूनबाईने सकाळी पाहिलं, उत्तर लिहायला घेतलं, तोवर वर ऐंशी मेसेज चढले होते आणि ती बाई गटातून गेलेली होती. तिच्या गावच्या गाडीला कुठला ड्रायव्हर, हे कुणाला ठाऊक?

मी सूनबाईला म्हटलं, चारशे जाऊ देत, दहा शोध. वाघोली, खराडी, केसनंद, लोणीकंद, या पट्ट्यातल्या दहा जणी. महिन्यातून एक रविवार. हवं तर आमच्याकडे या, पोहे मी करीन. तिने गटावर टाकलं. तीन जणींनी होकार दिला. एक आली. एका खासगी दवाखान्यात रिसेप्शनला असते, नाव सांगताना आधी माहेरचं सांगितलं आणि मग सासरचं. दोघी तीन तास बसल्या, त्यातला एक तास अभ्यास झाला. आमच्याही संपर्कसत्रांत प्रमाण साधारण हेच होतं.

त्या बाई गेल्यावर सूनबाई म्हणाली, "प्रवेश सोपा होता हो आई. त्यात सगळं विचारलं. जात, जन्मतारीख, बँक खातं, आधी काय शिकलात. रोज कुठल्या वेळी अभ्यास करणार, ते कुणी विचारलं नाही." मलाही १९९१ साली कुणी विचारलं नव्हतं. पण तेव्हा त्याचं उत्तर न विचारताच दिलं गेलं होतं, ते मला फार उशिरा कळलं. 'सगळं आटपून कर' म्हणणाऱ्या सासूबाई परीक्षेच्या महिन्यात संध्याकाळी पोरांना घेऊन देवळात जाऊन बसायच्या. मला वाटायचं, कीर्तनाला जातात. कीर्तन सातला संपायचं. त्या साडेआठला यायच्या.

सूनबाईची पहिल्या सत्राची परीक्षा डिसेंबरात आहे. आमच्या सोसायटीत देऊळ नाही, पण मागे लहान मुलांची बाग आहे. संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ मी आणि नातू तिथे असतो.